तेरा निवडणुकांचा सांगोला

मार्च १९९५. विधानसभेचे निकाल लागत होते आणि सगळ्या महाराष्ट्राचं लक्ष मुंबईकडे लागलं होतं. काँग्रेस ८०, शिवसेना ७३, भाजप ६५ आणि अपक्ष तब्बल ४५. राज्यात पहिल्यांदाच युतीचं सरकार येणार, हे उघड दिसू लागलं होतं. त्या गदारोळात सोलापूर जिल्ह्यातल्या सांगोल्याचा निकाल एरवी कुणी पाहिला नसता. पण त्या निकालाने जुनेजाणते राजकारणी चमकले. शेतकरी कामगार पक्षाचे, म्हणजे शेकापचे, गणपतराव देशमुख पडले होते. १९७४ पासून सलग पाच वेळा ही जागा जिंकणारा माणूस काँग्रेसच्या शहाजीबापू पाटलांकडून हरला, तोही १९२ मतांनी.

गणपतरावांचं नाव निघालं की लोक एक आकडा सांगतात: अकरा. अकरा वेळा आमदार, एकाच मतदारसंघातून, एकाच पक्षाकडून. आकडा खरा आहे. १९६२, १९६७, १९७४ची पोटनिवडणूक, १९७८, १९८०, १९८५, १९९०, १९९९, २००४, २००९ आणि २०१४. पण निवडणुका त्यांनी तेरा लढवल्या. १९७२ आणि १९९५ हे दोन पराभव सत्काराच्या भाषणांतून गळून गेले. ते परत यादीत घातले की कहाणी वेगळी दिसू लागते. सांगोला हा कधीच हक्काचा, डोळे झाकून जिंकायचा मतदारसंघ नव्हता. तो दर पाच वर्षांनी नव्याने मिळवावा लागत होता. मागे साखर कारखान्यांचं बळ नाही, सत्ता नाही, आणि पक्ष तर दर निवडणुकीला आक्रसत चाललेला. अशा स्थितीत एका माणसाने हे कसं जमवलं, हा प्रश्न अकराच्या आकड्यापेक्षा जास्त रंजक आहे.

मुळात गणपतराव सांगोल्याचे नव्हतेच. त्यांचा जन्म मोहोळ तालुक्यातल्या पेनूरचा. पुण्यात कायद्याचं शिक्षण घेताना ते शेकापच्या विचारांकडे ओढले गेले आणि वकिलीसाठी सांगोल्यात येऊन स्थिरावले. तालुक्याच्या गावातला वकील म्हणजे त्या काळी नुसता कोर्टातला माणूस नसे. कुळकायद्याची प्रकरणं, सावकाराची कागदपत्रं, बांधाची भांडणं, सरकारी नोटिसा हे सगळं त्याच्या ओसरीवर येई. शेकापच्या कितीतरी नेत्यांची जडणघडण अशीच झाली आहे. पक्षाचे संस्थापक शंकरराव मोरेही वकीलच होते.

त्या पक्षाची तेव्हाची ताकद आज कुणाला सांगून पटणार नाही. १९४७-४८ मध्ये मोरे आणि केशवराव जेधे यांनी काँग्रेसमधल्या बहुजन कार्यकर्त्यांना घेऊन वेगळी वाट धरली. १९५० मध्ये दाभाडीच्या प्रबंधातून पक्षाने मार्क्सवादी भूमिका मांडली. पुढे जेधे, मोरे, सोलापूरचे तुळशीदास जाधव असे मोठे मोठे नेते एकेक करून काँग्रेसमध्ये परतले. यशवंतराव चव्हाणांच्या बेरजेच्या राजकारणात शेकापची वजाबाकी होत गेली. तरीही संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीने पक्षाला गावागावांत रुजवलं होतं. राज्य स्थापन झाल्यावरची पहिली विधानसभा निवडणूक १९६२ची. २६४ पैकी २१५ जागा काँग्रेसने घेतल्या, उरलेल्यांत शेकाप १५ जागांसह सर्वांत मोठा विरोधी पक्ष ठरला आणि कृष्णराव धुळप विरोधी पक्षनेते झाले. त्या पंधरा जणांत पस्तिशीतले गणपतराव देशमुख होते. १९६७ मध्ये पक्षाची संख्या १९ झाली, गणपतराव पुन्हा निवडून आले. हा पक्षाचा राज्यातला कळस. नंतर एखादं वर्ष वर, पण एकंदर उतारच.

सांगोला तालुका नकाशावर पाहिला तर सोलापूर जिल्ह्याच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात, सांगलीला लागून. माण नदी तालुक्यातून वाहते असं म्हणायचं, पण बहुतेक वर्षी पावसाळा सरला की पात्रात वाळूच. माणदेशाचा हा पट्टा पर्जन्यछायेचा. ज्वारी-बाजरी, मेंढरं आणि खिलार जनावरं यांवर इथला संसार चाले. सांगोल्याचा जनावरांचा बाजार दूरदूरपर्यंत नावाजलेला. जिल्ह्याच्या इतर भागात, अकलूज-पंढरपूरकडे, कालवे आले, ऊस आला, कारखाने उभे राहिले आणि कारखान्यांबरोबर सहकारातलं घराण्यांचं राजकारण आलं. सांगोल्याच्या वाट्याला यातलं फारसं काही नव्हतं. त्यामुळे इथलं राजकारण दोनच गोष्टींभोवती फिरे, प्यायला पाणी आणि हाताला काम.

१९७२ची निवडणूक बांगलादेश युद्धानंतरची. इंदिरा गांधींची लाट एवढी की महाराष्ट्रात २७० पैकी २२२ जागा काँग्रेसकडे गेल्या आणि शेकाप १९ वरून ७ वर घसरला. सांगोल्यात काँग्रेसचे काकासाहेब साळुंखे-पाटील निवडून आले, गणपतराव पडले. लगेच पाठोपाठ तो दुष्काळ आला. आजही जुनी माणसं वय सांगताना बहात्तरच्या दुष्काळाच्या आधीचं की नंतरचं, असं मोजतात.

सोलापूर, सांगली, नगर, बीड हे जिल्हे होरपळले. मे १९७३ मध्ये राज्यभर जवळजवळ ५० लाख माणसं सरकारी कामांवर होती. खडी फोडणं, नाला बांध, पाझर तलाव, रस्ते. रेशनला अमेरिकेतून आलेली तांबडी मिलो ज्वारी, मुलांना सुकडी. मजुरी किती, ती वेळेवर मिळते का, कामाचं मोजमाप कोण करतं, पाणी आणि पाळणाघर आहे का, असे प्रश्न रोजच्या रोज उभे राहत. हीच त्या काळातली लढाई होती आणि ती विधानसभेत कमी, कामाच्या ठिकाणी, तहसील कचेरीसमोर जास्त लढली गेली. पराभूत उमेदवाराला अशा वेळी एक सोय असते. सभागृहाच्या वेळापत्रकात तो अडकलेला नसतो. शेकाप, लाल निशाण, समाजवादी, कम्युनिस्ट अशा सगळ्या डाव्या पक्षांनी दुष्काळी मजुरांना संघटित केलं, मोर्चे काढले, आणि सांगोल्याच्या भागात या कामाचा चेहरा गणपतराव होते.

१९७४ मध्ये सांगोल्यात पोटनिवडणूक लागली आणि ते परत आमदार झाले. दोन वर्षांपूर्वी लाटेत वाहून गेलेली जागा दुष्काळाच्या दोन वर्षांनी परत दिली. तिथून सलग एकवीस वर्षं ते विधानसभेत बसले.

रोजगार हमी योजनेची कल्पना वि. स. पागे यांची. १९६५ मध्ये सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यात तिचा पहिला प्रयोग झाला होता. पण कागदावरच्या योजनेला कायद्याचं रूप यायला बहात्तरचा दुष्काळ आणि रस्त्यावरचा दबाव लागला. १९७७ मध्ये विधिमंडळाने रोजगार हमी कायदा मंजूर केला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. काम मागणाऱ्याला काम देणं ही सरकारची कायदेशीर जबाबदारी ठरवणारा हा देशातला पहिला कायदा. केंद्राचा त्याच धर्तीचा कायदा त्यानंतर पंचवीसेक वर्षांनी, २००५ मध्ये आला. गणपतरावांचं नाव पुढे रोजगार हमीशी कायमचं जोडलं गेलं ते उगाच नव्हे. सांगोल्यासारख्या तालुक्यात ती योजना म्हणजे मार्च ते जून या महिन्यांतली चूल होती. आमदाराचं मोलही मतदार त्याच चुलीवरून ठरवत.

मधल्या काळात राज्याचं राजकारण ढवळून निघालं. आणीबाणी उठली. १९७७च्या लोकसभा निवडणुकीत शेकापने महाराष्ट्रात पाच जागा जिंकल्या, आणि गणपतराव विधानसभेत विरोधी पक्षनेते झाले. १९७८च्या निवडणुकीत जनता पक्ष ९९, काँग्रेस ६९, इंदिरा काँग्रेस ६२ आणि शेकाप १३. दोन्ही काँग्रेसचं वसंतदादा पाटलांच्या नेतृत्वाखालचं सरकार काही महिन्यांत कोसळलं आणि १८ जुलै १९७८ रोजी सदतीस वर्षांचे शरद पवार पुरोगामी लोकशाही दलाचे मुख्यमंत्री झाले. या पुलोद मंत्रिमंडळात शेकापचे मंत्री होते, त्यात गणपतराव होते. रोजगार हमी कायदा प्रत्यक्ष अमलात आला तो याच सरकारच्या काळात. फेब्रुवारी १९८० मध्ये इंदिरा गांधींनी ते सरकार बरखास्त केलं. दीड-पावणेदोन वर्षांची सत्ता संपली.

त्यानंतरच्या तीन निवडणुका पक्षाच्या नजरेने पाहिल्या तर चढउताराच्या आहेत: १९८० मध्ये ९ जागा, १९८५ मध्ये १३, १९९० मध्ये ८. सांगोला तिन्ही वेळा लाल बावट्याखाली राहिला.

हे कशाने साधलं? सोपं उत्तर जातीचं आहे आणि ते पुष्कळदा दिलं जातं. गणपतराव धनगर समाजातले, तालुक्यात हा समाज मोठा. हे खरंच, आणि त्याचा हिशेब न धरता सांगोल्याचं राजकारण समजणार नाही. पण जात १९७२ मध्येही तीच होती आणि १९९५ मध्येही. नुसत्या त्या बळावर अकरा विजय उभे राहत नाहीत, विशेषतः तालुक्यात मराठा समाजही मोठा असताना. दुसरं उत्तर साधेपणाचं. एसटीने मुंबईला जाणारा आमदार, सांगोल्यातलं साधं घर, सदरा-धोतरातली मूर्ती. या गोष्टी खऱ्या आहेत, पण त्या इतक्या वेळा सांगितल्या गेल्या की त्यांच्याखाली बाकीचं काम झाकलं गेलं. साधे आमदार महाराष्ट्राने इतरही पाहिले. त्यांतले बरेच एका-दोन निवडणुकांत घरी गेले.

माझ्या मते उत्तराचा मोठा भाग सूतगिरणीत आहे.

सांगोला तालुक्यात कापूस पिकत नाही. तरीही गणपतरावांनी तिथे शेतकरी सहकारी सूतगिरणी उभी केली. सोलापूर जिल्हा हातमाग-यंत्रमागांचा, सुताची मागणी जवळच. कापूस बाहेरून आणायचा, सूत काढून विकायचं, आणि ऊस नसलेल्या तालुक्यातल्या पोरांना बाराही महिने काम द्यायचं, असा हा विचार. सहकारी सूतगिरण्यांचा महाराष्ट्रातला इतिहास फारसा अभिमानाचा नाही. सरकारी भागभांडवल घ्यायचं, गिरणी आजारी पाडायची, यंत्रं भंगारात घालायची, असं कितीतरी ठिकाणी घडलं. सांगोल्याची गिरणी त्यात अपवाद म्हणून गाजली. ती चालली, नफ्यात राहिली, तिचं सूत परदेशी गेलं. जिल्ह्यातले इतर नेते साखरेवर राजकारण करत होते, यांनी ते सुतावर केलं. कारखान्याइतकी ताकद सुताला नाही, पण त्यात एक फरक आहे. उसाच्या राजकारणात ऊसवाला शेतकरी मध्यभागी असतो. गिरणीत भूमिहीनाचा, दोन एकर जिरायतवाल्याचा मुलगा लागतो. शेकापचा मतदार नेमका तोच होता.

दुसरी गोष्ट फळबागांची. १९९० मध्ये राज्याने रोजगार हमीशी निगडित फळबाग लागवड योजना आणली. खड्डे, रोपं, मजुरी यांसाठी अनुदान, आणि माणदेशाच्या हलक्या मुरमाड जमिनीला डाळिंब-बोर चपखल बसलं. पुढच्या दोन दशकांत सांगोल्याचं डाळिंब बाजारात नावाने ओळखलं जाऊ लागलं. आधी गणेश, नंतर भगवा. तेल्या रोगाने या बागा पुढे अनेकदा उद्ध्वस्त केल्या, तो भाग निराळा. पण डाळिंबाला थोडं का होईना, हमखास पाणी लागतं. तालुक्याची मागणी त्यामुळे बदलली. आधी लोक दुष्काळात काम मागत होते, आता शेताला पाणी मागू लागले.

पाण्याची ही लढाई गणपतरावांच्या उत्तरायुष्याचा गाभा आहे. आटपाडीत दुष्काळी तालुक्यांची पाणी परिषद भरू लागली ती १९९०च्या दशकात. तिच्या मागे वाळव्याचे क्रांतिवीर नागनाथअण्णा नायकवडी, डॉ. भारत पाटणकर आणि गणपतराव देशमुख. कृष्णेचं पाणी फक्त नदीकाठच्या उसाला का, सांगली-सातारा-सोलापूरच्या तेरा दुष्काळी तालुक्यांना त्यात वाटा का नाही, हा या चळवळीचा सवाल. पाणी समान वाटा, आणि ते जमिनीच्या आकाराप्रमाणे न वाटता माणसामागे वाटा, ही मागणी महाराष्ट्रात तोवर कुणी एवढ्या जोरात मांडली नव्हती. कराडजवळ कृष्णेवर टेंभू योजना उभी राहिली ती याच दबावाच्या काळात. उपसा सिंचनाचे टप्पे, पंप, बोगदे, वीजबिलांची थकबाकी, निधीची रखडपट्टी. सांगोल्याच्या शेतापर्यंत ते पाणी यायला एक पिढी गेली. त्या मानाने पिण्याच्या पाण्याची शिरभावी योजना आधी उभी राहिली. तालुक्यातल्या ८०च्या आसपास गावांना एकाच प्रादेशिक नळयोजनेतून पाणी देण्याचा तो घाट होता.

या सगळ्या धामधुमीत १९९५चा पराभव झाला. काँग्रेसने तरुण वकील शहाजीबापू पाटलांना उमेदवारी दिली होती. एकवीस वर्षांची आमदारकी कुणाच्याही अंगाला चिकटते. नवे मतदार आले होते, राज्यभर बदलाची हवा होती, आणि १९२ मतं हा तर एखाद्या वाडीचा आकडा. गणपतराव तेव्हा अडुसष्ट वर्षांचे होते. या वयात हरलेला माणूस सहसा विधान परिषदेची खटपट करतो, नाहीतर सूनबाईंना किंवा मुलाला पुढे करतो. गणपतराव सूतगिरणीत आणि पाणी परिषदेत राहिले. योगायोग असा की मनोहर जोशी आणि नारायण राणे हे युतीचे दोन्ही मुख्यमंत्री नेमके याच साडेचार वर्षांत होऊन गेले. यशवंतरावांपासून फडणवीसांपर्यंत जवळजवळ प्रत्येक मुख्यमंत्र्यासमोर बसलेल्या या आमदाराने हे दोघे मात्र सभागृहात मुख्यमंत्री म्हणून पाहिले नाहीत.

१९९९ मध्ये काँग्रेस फुटली. शरद पवारांचा राष्ट्रवादी वेगळा झाला आणि सांगोल्यातलं गणित पुन्हा मोकळं झालं. गणपतराव जिंकले. शेकापचे आमदार राज्यात आता पाचच होते, पण काँग्रेस ७५ आणि राष्ट्रवादी ५८ अशा अधांतरी बेरजेत पाचालाही किंमत आली. विलासराव देशमुखांच्या मंत्रिमंडळात गणपतराव पुन्हा मंत्री झाले. पणन आणि रोजगार हमी ही खाती त्यांच्याकडे आली.

हे मंत्रिपद त्यांनी सोडलं ते सांगोल्याच्या कारणाने नाही, रायगडच्या. जिल्हा परिषदेच्या राजकारणात राष्ट्रवादी आणि शेकापचं बिनसलं आणि जून २००२ मध्ये शेकापने सरकारचा पाठिंबा काढून घेतला. गणपतराव आणि राज्यमंत्री मीनाक्षी पाटील मंत्रिमंडळातून बाहेर पडले. विलासराव सरकार काही दिवस गटांगळ्या खात राहिलं, आमदार बंगळूरच्या रिसॉर्टात ठेवले गेले, शेवटी विश्वासदर्शक ठराव मंजूर होऊन सरकार तरलं. या प्रकरणात शेकापला काय मिळालं, हे सांगणं अवघड आहे. एका जिल्ह्यातल्या भांडणापायी राज्यातली खुर्ची गेली, असं तेव्हाही बोललं गेलं. पण पक्षाचा निर्णय होता आणि त्यांनी तो मानला. हिशेब केला तर पन्नासेक वर्षांच्या आमदारकीत त्यांच्या वाट्याला मंत्रिपद आलं ते फार तर सव्वाचार वर्षं.

हे ध्यानात घेतलं तर विक्रमाचा मुद्दा नीट मांडता येतो. वर्तमानपत्रांनी गणपतरावांच्या नावावर देशाचाच काय, जगाचाही विक्रम लावून टाकला होता. त्यात उत्साह जास्त आहे. तामिळनाडूत करुणानिधी तेरा वेळा आमदार झाले, मतदारसंघ मात्र बदलत. केरळच्या पाला मतदारसंघातून के. एम. माणी १९६५ ते २०१६ या काळात तेरा निवडणुका जिंकले, त्यातली १९६५ची विधानसभा कधी बसलीच नाही. ओमन चंडी पुतुप्पळ्ळीतून बारा वेळा निवडून आले. महाराष्ट्रापुरता अकराचा विक्रम गणपतरावांचा, एवढं म्हणणं पुरेसं आहे. पण करुणानिधी पाच वेळा मुख्यमंत्री झाले, चंडी दोनदा, माणी वर्षानुवर्षं अर्थमंत्री होते. सत्तेत असताना मतदारसंघ राखणं आणि विरोधी बाकावरून राखणं यांत फरक आहे. तोही अशा पक्षाकडून, ज्याचे २००४ मध्ये सगळे मिळून दोन आमदार निवडून आले.

त्या दोनांत गणपतराव होतेच. २००९ मध्ये चार, त्यातही ते होते. २०१२ मध्ये त्यांच्या पहिल्या विजयाला पन्नास वर्षं झाली म्हणून विधिमंडळात गौरव झाला, सर्व पक्षांचे नेते भरभरून बोलले. या काळात तालुक्यात एक नवी जुळणीही झाली होती. १९७२ मध्ये ज्यांनी त्यांना हरवलं त्या काकासाहेब साळुंखे-पाटलांचे पुत्र दीपक साळुंखे राष्ट्रवादीत होते आणि त्यांची साथ शेकापला मिळत होती. गणपतरावांचा साधेपणा सांगणारे ही बेरीज सहसा सांगत नाहीत. ते भोळे नव्हते. तालुक्यात तीन गट असतील तर दोन आपल्या बाजूला हवेत, हे त्यांना पक्कं कळत होतं.

२०१४ची निवडणूक आली. युती तुटली, आघाडी तुटली, राज्यात मोदी लाट. अठ्ठ्याऐंशी वर्षांचे गणपतराव तेराव्यांदा उभे राहिले. समोर पुन्हा शहाजीबापू, आता शिवसेनेकडून. गणपतरावांना ९४,३७४ मतं पडली, शहाजीबापूंना ६९,१५०. मताधिक्य २५,२२४. भाजपने त्या वेळी १२२ जागा जिंकल्या, शेकापने तीन. लाट सांगोल्यात पोचलीच नाही.

पुढची निवडणूक त्यांनी लढवली नाही. वयाचं कारण होतं आणि ते सगळ्यांना मान्य होतं. अडचण उत्तराधिकाऱ्याची झाली. घराबाहेरचा उमेदवार देण्याचा पक्षाचा विचार होता, पण कार्यकर्त्यांनी तो मानला नाही आणि नातू डॉ. अनिकेत देशमुख यांना उभं करावं लागलं. घराणेशाहीपासून आयुष्यभर चार हात लांब राहिलेल्या नेत्याच्या पक्षाला शेवटी आडनावाचाच आधार घ्यावा लागला, यातला विरोधाभास डोळ्यांत भरतो. दोष कुणाचा? संघटना एका माणसाभोवती साठ वर्षं उभी राहिली की दुसरी फळी त्याच्या सावलीतच म्हातारी होते. गणपतरावांनी सूतगिरणी चालवणारे घडवले, पाणी परिषदेचे कार्यकर्ते घडवले. आमदारकीचा दुसरा दावेदार मात्र त्यांच्या हयातीत तयार झाला नाही.

या वेळी दीपक साळुंखेंची साथ शहाजीबापूंना मिळाली. तीन गटांतले दोन आता पलीकडे होते. निकाल लागला: शहाजीबापू पाटील ९९,४६४, अनिकेत देशमुख ९८,६९६. फरक ७६८ मतांचा. १९९५ नंतर बरोबर चोवीस वर्षांनी तेच शहाजीबापू पुन्हा काठावर निवडून आले. एका अर्थी तरुण नातवाने आजोबांच्या मागच्या निकालापेक्षा चार हजारांहून जास्त मतं मिळवली होती. पण निवडणुकीत दुसऱ्याची बेरीजही मोजावी लागते.

शहाजीबापूंना खरी प्रसिद्धी मिळाली ती या विजयाने नव्हे. जून २०२२ मध्ये एकनाथ शिंदे यांच्याबरोबर गुवाहाटीला गेलेल्या आमदारांत ते होते. तिथून एका कार्यकर्त्याशी फोनवर बोलताना त्यांनी झाडी, डोंगार आणि हाटेलाचं जे वर्णन केलं, ते चोवीस तासांत महाराष्ट्राच्या तोंडी झालं. ज्या तालुक्याचं नाव साठ वर्षं रोजगार हमी आणि पाणी परिषदेच्या बातम्यांत यायचं, ते आता रिंगटोनमध्ये आलं.

हे पाहायला गणपतराव नव्हते. ३० जुलै २०२१ रोजी सोलापुरात उपचार सुरू असताना, वयाच्या ९४व्या वर्षी त्यांचं निधन झालं. सांगोल्यात सूतगिरणीच्या आवारात अंत्यसंस्कार झाले. ऑगस्ट २०२३ मध्ये सांगोल्यात त्यांच्या पुतळ्याचं अनावरण झालं तेव्हा शरद पवार आणि देवेंद्र फडणवीस एकाच व्यासपीठावर होते. राष्ट्रवादी फुटून जेमतेम दीड महिना झाला होता, त्यामुळे वार्ताहरांचं लक्ष पुतळ्यापेक्षा खुर्च्यांच्या मांडणीकडे अधिक होतं.

नोव्हेंबर २०२४ मध्ये तालुक्यातले तिन्ही गट वेगवेगळे लढले. शिंदेंच्या शिवसेनेकडून शहाजीबापू, ठाकरेंच्या शिवसेनेकडून दीपक साळुंखे आणि शेकापकडून गणपतरावांचे दुसरे नातू डॉ. बाबासाहेब देशमुख. महाविकास आघाडीत ही जागा शेकापला सोडावी म्हणून बरीच ओढाताण झाली होती, ती निष्फळ ठरली. राज्यभर महायुतीची लाट असताना सांगोल्यात बाबासाहेबांना १,१६,२५६ मतं मिळाली आणि शहाजीबापूंना ९०,८७०. साळुंखेंनी पन्नास हजारांवर मतं घेतली. ती एकवटून पलीकडे गेली असती तर निकाल उलटा लागला असता. त्याच वर्षी जुलैमध्ये विधान परिषदेच्या निवडणुकीत शेकापचे सरचिटणीस जयंत पाटील पराभूत झाले होते आणि रायगडमधून विधानसभेवर पक्षाचा एकही माणूस आला नाही. त्यामुळे विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांत मिळून शेतकरी कामगार पक्षाचा आता एकच आमदार आहे, सांगोल्याचा.